बारा, सोळा की चोवीस? आधी सामना कुठे होणार ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी ऑगस्टमध्ये मिडवेस्टातल्या एका विद्यापीठात एमएससाठी आलो. इथलं कॉलेज फुटबॉलचं वेड बघून चक्रावलोय. घरात दोन अमेरिकन रूममेट आहेत. एक म्हणतो प्लेऑफमध्ये चार संघ होते तेच बरं होतं. दुसरा म्हणतो बारा कमी पडतात, चोवीस करा. ओहायो स्टेट दोन सामने हरूनही विजेते कसे, यावरून तर रोज जुंपते. बरोबर कोण?"

अशाच एका विद्यापीठाच्या तिकीट ऑफिसात मी २२ वर्षं काढली. गेल्या वर्षी निवृत्त झालो. त्यामुळे माझं उत्तर कोचचं किंवा टीव्हीवरच्या पंडितांचं नाही. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून जे दिसलं, त्यावरून देतो. दोघांचंही थोडं बरोबर आहे, पण भांडण चुकीच्या आकड्यावर चाललंय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर सगळा वाद डोक्यावरून जाईल. आयपीएलमध्ये दहा संघ, सगळ्यांचे सामने सारखे, शेवटी गुणतक्ता. पहिले चार कोण, यावर कुणी वाद घालत नाही. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात २०२५ साली १३६ संघ होते आणि नियमित मोसमात प्रत्येकाचे सामने साधारण बारा. म्हणजे बहुतेक संघ एकमेकांचं तोंडसुद्धा बघत नाहीत. मग पुढे कोण जाणार हे गुणतक्त्याने ठरूच शकत नाही, ते १३ जणांची निवड समिती ठरवते. पुण्यात पुरुषोत्तमच्या निकालानंतर भरत नाट्य मंदिराबाहेर जे चालतं ना, "परीक्षकांना आमची एकांकिका कळलीच नाही" वगैरे, ते सगळं इथे डिसेंबरात राष्ट्रीय पातळीवर चालतं. मी दोन्हीकडे उभा राहिलोय. सूर अगदी तोच असतो.

पूर्वी तर समितीही नव्हती. पत्रकार आणि कोच मतं द्यायचे आणि विजेता जाहीर व्हायचा. १९९७ साली पत्रकारांनी मिशिगनला आणि कोचांनी नेब्रास्काला विजेता ठरवलं, दोघंही स्वतःला विजेते म्हणवत राहिले. १९९८ पासून मतं आणि कॉम्प्युटर मिळून दोन संघ निवडू लागले, त्यांचा एकच सामना. २००४ च्या मोसमात ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर राहिलं. २०१४ पासून चार संघ आले, आणि भांडण तिसऱ्या क्रमांकावरून पाचव्यावर सरकलं. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने १३ पैकी १३ जिंकले, पण त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून सगळं आक्रमण चालवणारा खेळाडू) जायबंदी झाला होता म्हणून समितीने एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतलं. २०२४ पासून बारा संघ घ्यायचा निर्णय त्याआधीच झालेला होता, पण त्या रविवारी ज्याच्या मनात थोडी शंका होती तीही गेली.

आता तुमच्या चारवाल्या रूममेटची बाजू. ती मला मनापासून पटते, कारण ३० नोव्हेंबर २०२४ चा ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन सामना मी श्वास रोखून पाहिला. मिशिगन त्या वर्षी सहा जिंकून पाच हरलेलं, ओहायो स्टेट स्वतःच्या घरी, स्वतःच्या एक लाखाच्या वर प्रेक्षकांसमोर. शेवटचं मिनिट राहिलं असताना मिशिगनने फील्ड गोल (लाथ मारून मिळवायचे तीन गुण) मारला आणि सामना १३-१० ने घेतला. नंतर मैदानाच्या मध्यावर मिशिगनचा झेंडा रोवण्यावरून हाणामारी झाली, पोलिसांनी डोळ्यांत झोंबणारा स्प्रे मारला. कोच रायन डे यांना काढा म्हणून अख्खं कोलंबस, म्हणजे ओहायो स्टेटचं गाव, पेटलं होतं. आणि बरोबर ५१ दिवसांनी, २० जानेवारीला, अटलांटातल्या अंतिम सामन्यात नोत्र दामला ३४-२३ ने हरवून तेच रायन डे करंडक उचलत होते.

२००६ साली याच दोन संघांचा सामना झाला होता, पहिला क्रमांक विरुद्ध दुसरा. ओहायो स्टेटने ४२-३९ ने जिंकला. त्या तीन गुणांमुळे मिशिगनचं विजेतेपदाचं स्वप्न शेवटी हुकलं. त्या वजनासाठी लोक वर्षभर वाट बघायचे. आता हरल्याचं दुःख तेवढंच होतं, पण त्याची किंमत मोजावी लागत नाही.

२०२५ मध्ये तर हे अजून उघडं पडलं. बिग टेन कॉन्फरन्सच्या (कॉन्फरन्स म्हणजे मुख्यतः आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) अंतिम सामन्यात ओहायो स्टेट आणि इंडियाना, दोघेही अजिंक्य, पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे. इंडियाना १३-१० ने जिंकलं. (हो, पुन्हा १३-१०. ओहायोच्या लोकांसमोर हा आकडा काढू नका.) मग काय झालं? इंडियाना पहिल्या नंबरवर, ओहायो स्टेट दुसऱ्या नंबरवर, दोघांनाही पहिल्या फेरीत बाय, म्हणजे ती न खेळताच पुढे. तिकडे अलाबामा आपल्या कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये जॉर्जियाकडून २८-७ असा मार खाऊन आलं, तरी नववं. तेव्हा चारवाला म्हणतो की डिसेंबरच्या पहिल्या शनिवारचे सामने आता नुसते पैशाचे झालेत, तर त्याला खोडून काढणं अवघड आहे.

पण मग दुसऱ्या बाजूचा एकच मुद्दा त्याच्यासमोर ठेवा. २०२४ मध्ये अंतिम फेरीत आलेले दोन संघ समितीच्या यादीत कितवे होते? नोत्र दाम पाचवं, ओहायो स्टेट सहावं. चारच संघ घेतले असते तर देशातले दोन सगळ्यात तगडे संघ जानेवारीत घरी बसून टीव्ही बघत असते. नोत्र दाम तर सप्टेंबरात नॉर्दर्न इलिनॉयकडून घरच्या मैदानावर हरलं होतं, जुन्या पद्धतीत त्यांचं वर्ष त्याच दिवशी संपल्यात जमा होतं. २०२५ मध्ये मायामी दहावं होतं. शेवटच्या क्षणी आत आलं, पहिल्या फेरीत टेक्सस ए अँड एमला त्यांच्या घरी १०-३ ने हरवलं, मग ओहायो स्टेटला, मग ओल मिसला, आणि अंतिम सामन्यात इंडियानाशी २७-२१ असं झुंजून हरलं. दहाव्या नंबरचा संघ दुबळा असतो, हे आता कुणी म्हणू नये.

म्हणून माझं मत असं झालंय की चारवर परत जाण्यात अर्थ नाही. २१ वर्षांच्या पोरांचा संघ सप्टेंबरात वेगळा असतो आणि डिसेंबरात वेगळा. बाराने त्याला जागा दिली.

तरीही बारामध्ये एक घोळ आहे, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही म्हणून जरा थांबतो. पहिल्या चार संघांना बाय मिळते, म्हणजे पहिली फेरी खेळावी लागत नाही. ऐकायला बक्षीस. दोन मोसमांत मिळून आठ संघांना बाय मिळाली आणि त्यातले सात आपल्या पहिल्याच सामन्यात हरले. २०२४ मध्ये तर चारही गेले. त्या वर्षी सीडिंगचा (प्लेऑफमध्ये कुणाला कितवा नंबर द्यायचा याचा) नियमही विचित्र होता, पहिल्या चार जागा कॉन्फरन्स विजेत्यांनाच. त्यामुळे समितीच्या यादीत नववं असलेलं बॉइझी स्टेट तिसरं आणि बारावं असलेलं ॲरिझोना स्टेट चौथं झालं. तो नियम २०२५ साठी काढला, आता जसा क्रमांक तसं सीडिंग. तरी जॉर्जिया, टेक्सस टेक आणि ओहायो स्टेट हरलेच. फक्त इंडियाना टिकलं, आणि ते १६-० करून विजेतेच झालं.

असं का होतं? एक कारण उघड आहे: सात डिसेंबरला शेवटचा सामना आणि मग थेट एक जानेवारी. साडेतीन आठवडे नुसता सराव. समोरचा संघ दहा-बारा दिवसांपूर्वी खराखुरा सामना खेळून, अंगात धग घेऊन आलेला. पण दुसरं कारण माझ्या खात्यातलं आहे. बाय मिळालेल्या संघाला घरचा सामनाच मिळत नाही. पाचवा ते आठवा नंबर आपल्या स्टेडियममध्ये, आपल्या बँडच्या गजरात खेळतो. पहिला नंबर मात्र थेट कुठल्यातरी दूरच्या बोल सामन्याला (मोसमाअखेरीस त्रयस्थ गावी होणाऱ्या जुन्या मानाच्या सामन्याला) जातो, जिथे अर्धे लोक दुसऱ्या रंगाचे. वर्षभर सगळ्यात चांगलं खेळल्याचं बक्षीस म्हणून घरच्या प्रेक्षकांसमोर खेळण्याची संधी काढून घ्यायची, ही कुठली रीत?

घरचा डिसेंबरचा सामना म्हणजे काय असतं, ते सांगतो. २०२४ च्या नोव्हेंबरात आमच्या विद्यापीठाला पहिल्या फेरीचं यजमानपद मिळण्याची शक्यता होती. आमचं स्टेडियम उघडं आहे. दरवर्षी थँक्सगिव्हिंगनंतर प्लंबर येतात, सगळ्या नळांतलं पाणी काढून टाकतात आणि संडासांच्या भांड्यांत गुलाबी अँटीफ्रीझ ओततात, म्हणजे पाइप गोठून फुटू नयेत. त्या वर्षी त्यांना सांगितलं, थांबा. मग विचार सुरू झाला की पाइप कुठून गरम ठेवायचे, फिरते हीटर किती लागतील, आणि नाहीच जमलं तर फिरती स्वच्छतागृहं कुठे उभी करायची. विद्यार्थ्यांच्या परीक्षा डिसेंबरच्या मध्यावर संपतात, वसतिगृहं बंद होतात. म्हणजे हजारो जागांचा विद्यार्थी विभाग कुणाला विकायचा? बँडच्या पोरांना परत बोलवायचं तर झोपायचं कुठे?

आम्ही सीझन तिकीटवाल्यांना मेल पाठवला: आत्ता होकार द्या, कार्डाचा नंबर देऊन ठेवा, सामना मिळाला तरच पैसे कापू. होकार भराभर आले. फोनही आले. एक गृहस्थ, वय ७६, आमच्याकडे चाळीसेक वर्षं तीच दोन तिकिटं घेणारे. त्यांनी किंमत विचारली नाही, समोर कोण असेल तेही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "संडास चालू असतील ना?" मी म्हटलं, असतील. मला स्वतःला खात्री नव्हती.

निवड जाहीर होण्याचा रविवार उजाडला. सामना २०-२१ डिसेंबरला, म्हणजे हातात जेमतेम बारा-तेरा दिवस. आम्ही सगळे ऑफिसात, टेबलावर थंड पिझ्झा, पडद्यावर पाहुण्यांच्या कोट्याचा नकाशा तयार. यजमानांत आमचं नाव आलं नाही. कार्डांना हात लावावा लागला नाही, सोमवारी प्लंबर आला. मला वाईट वाटलं की सुटल्यासारखं झालं, हे आजही सांगता येत नाही. दोन्ही असेल.

कोलंबसला त्या शनिवारी रात्री टेनेसी आलं होतं. कडाक्याची थंडी, आणि स्टेडियममध्ये नारिंगी रंगाचे मोठमोठे पट्टे. टेनेसीवाल्यांनी इंटरनेटवरून मिळेल त्या भावाने तिकिटं उचलली होती. सीझन तिकीटवाल्याचं नाताळाचं विमान आधीच ठरलेलं असतं, तिकीट चांगल्या भावाने जातंय म्हटल्यावर तो विकून मोकळा होतो. तिकीट ऑफिसवाल्याला हे कळतं, म्हणून राग येत नाही. पण तरी तो सामना घरचा होता आणि तसाच खेळला गेला: ४२-१७. त्या वर्षी पहिल्या फेरीतले चारही यजमान जिंकले.

त्यानंतर ओहायो स्टेटच्या निष्ठावान चाहत्याचा जानेवारी बघा. एक तारखेला कॅलिफोर्नियात पॅसेडिना (तिथला रोझ बोल), दहाला टेक्ससमध्ये आर्लिंग्टन, वीसला अटलांटा. वीस दिवसांत तीन शहरं, प्रत्येक वेळी विमान, हॉटेल आणि तिकीट, तेही आपला संघ पुढे जाईल की नाही हे माहीत नसताना. जुन्या काळी वर्षाला एक बोल सामना असायचा. कुटुंब वर्षभर पैसे साठवून कॅलिफोर्नियाला जायचं, त्याला सहलीची मजा होती. आता एकाच घराने तीन सहली कशा काढाव्यात? मग लोक मधली फेरी सोडतात. उपांत्यपूर्व फेरीला रिकाम्या खुर्च्या दिसल्या की टीव्हीवाले म्हणतात चाहते थकले. चाहते थकत नाहीत, त्यांचं क्रेडिट कार्ड थकतं.

आता सोळा आणि चोवीस. इथे तुमच्या रूममेटांना वाटतं की कुणीतरी खेळाचं भलं बघून आकडा ठरवतंय. आकडा दोन कॉन्फरन्स ठरवतात, बिग टेन आणि एसईसी. टीव्हीचा करार वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलरचा आहे, सहा वर्षांचा, आणि त्यातला निम्म्याहून मोठा वाटा या दोघींकडे जातो. बिग टेनने आधी सोळा संघांचा प्रस्ताव मांडला. त्यात स्वतःला चार जागा पक्क्या, एसईसीला चार पक्क्या, एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या दोन मोठ्या कॉन्फरन्सना दोन-दोन, उरलेल्यांत एक छोट्यांना आणि बाकी खुल्या. लग्नात पंगत बसायच्या आधीच पहिली रांग आपल्या माणसांनी अडवून ठेवायची, तसं हे. बाकीच्यांनी अर्थातच नाक मुरडलं. त्यांना पाच कॉन्फरन्स विजेते आणि अकरा खुल्या जागा हव्या होत्या. मग बिग टेनने चोवीसचा विषय काढला. जानेवारी २०२६ पर्यंत एकमत झालं नाही, म्हणून २०२६ च्या मोसमालाही बाराच.

चोवीसच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. त्याच खेळाच्या खालच्या गटात, ज्याला एफसीएस म्हणतात, २०१३ पासून चोवीस संघांचाच प्लेऑफ आहे आणि जग बुडालेलं नाही. तिथे अंतिम सामना सोडला तर सामने यजमानांच्या मैदानावर होतात. नॉर्थ डकोटातल्या फार्गोच्या बंदिस्त स्टेडियममध्ये डिसेंबरात जो गोंगाट असतो, तो एकदा ऐका. चोवीसवाल्यांना माझा प्रश्न एवढाच आहे की तुम्ही तिथला आकडा उचलताय, मग तिथली मैदानाची पद्धत का उचलत नाही?

छोट्या संघांबद्दल थोडं. २०२५ मध्ये समितीच्या यादीतल्या वरच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागा पक्की होती. त्यातून ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन आत आले, कारण एसीसीचं विजेतेपद आठ जिंकून पाच हरलेल्या ड्यूककडे गेलं आणि समितीच्या यादीत ड्यूक या दोघांच्या मागे होतं. दोघेही पहिल्या फेरीत मोठ्या फरकाने हरले. अकराव्या क्रमांकाचं नोत्र दाम मात्र बाहेर. ते इतके चिडले की दुसरा कुठलाही बोल सामना खेळायला त्यांनी नकार दिला. तेव्हापासून छोट्यांना काढा अशी ओरड चालू आहे. मला ती पटत नाही. जेम्स मॅडिसनने ऑरेगॉनविरुद्ध त्यांच्या घरी ३४ गुण केले. हरले एवढ्यावरून त्यांची लायकी नव्हती म्हणणाऱ्यांनी २०२२ च्या मोसमाचा अंतिम सामना आठवावा. चारच संघांच्या काळात, मोठ्या कॉन्फरन्सचं टीसीयू जॉर्जियाकडून ६५-७ ने हरलं होतं. एकतर्फी सामने संघांच्या संख्येमुळे होत नाहीत.

मग माझं उत्तर काय? बारा ठेवा. पाचवा ते आठवा नंबर आज जसे घरी खेळतात, तशी उपांत्यपूर्व फेरीही वरच्या चार नंबरांच्या घरी खेळवा. म्हणजे बायला अर्थ येईल, नोव्हेंबरातल्या हरण्याला पुन्हा किंमत येईल, कारण चौथ्याचं पाचवं झालं की घरचा एक मोठा सामना हातातून जाईल. मिशिगनकडून हरलात? ठीक, जानेवारीत दुसऱ्याच्या गावी, बर्फात जा. बोलवाल्यांना उपांत्य फेरी आणि अंतिम सामना पुरे. रोझ बोलचं काय होणार, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे गोड उत्तर नाही. एक जानेवारीची ती कॅलिफोर्नियातली संध्याकाळ मलाही आवडते. आणि सोळा करायचेच असतील तर कॉन्फरन्सच्या फायनल बंद करा, नाहीतर १३-१० सारखे सामने दरवर्षी वाया जातील आणि पोरांच्या गुडघ्यांचं जे होतं ते वेगळंच. विजेत्याला १६ सामने आत्ताच होतात.

तुमच्या रूममेटांना हे पटेल असं नाही. चारवाल्याला विचारा, २०२४ च्या नोत्र दामला तू बाहेर ठेवलं असतंस का. चोवीसवाल्याला विचारा, तेविसाव्या नंबरचा सामना बघायला तू ख्रिसमसच्या आठवड्यात स्वतःच्या पैशाने कुठे जाशील.

आणि तुमच्यासाठी एक कामाची गोष्ट. तुमचं विद्यापीठ यंदा चांगलं खेळत असेल तर नोव्हेंबरमध्ये तिकीट ऑफिसकडून विद्यार्थ्यांना मेल येईल, प्लेऑफचा सामना घरी झाला तर तिकीट हवंय का म्हणून. तो जाहिरात समजून डिलीट करू नका. मुदत चार-पाच दिवसांचीच असते आणि परदेशी विद्यार्थी हमखास चुकवतात. तुम्ही तर सुट्टीत तिथेच असणार, भारताचं तिकीट डिसेंबरात कोण काढतं! होकार द्या, दोन जोड लोकरीचे मोजे घ्या, बसायला पुठ्ठा न्या, कारण ॲल्युमिनियमचा बाक खालून जो गार लागतो तो कुठल्याही जॅकेटने थांबत नाही. आणि पाणी जरा कमीच प्या.